रासायनिक समतोल कोणत्या बाजूला सरकेल? उत्तर काढण्याची पायरी-पायरीची पद्धत

अकरावीचा पेपर असो, नीट असो की सीईटी, ‘समतोल कोणत्या दिशेने सरकेल’ हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याला तीन पाठ वाक्यांनी उत्तर दिलं जातं. पदार्थ वाढवला तर समतोल पलीकडे. दाब वाढवला तर कमी मोलच्या बाजूला. तापमान वाढवलं तर उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या बाजूला. सोप्या प्रश्नांना एवढं पुरतं. पण प्रश्नात आर्गॉन आला, घन पदार्थ आला किंवा ‘स्थिर दाबाला’ असे दोन शब्द आले की हीच वाक्यं दगा देतात. कारण आपण दिशा आधी ठरवतो आणि नेमकं काय बदललं ते नंतर वाचतो.

ल शातेलिएचं तत्त्व एवढंच सांगतं: समतोलात असलेल्या (म्हणजे पुढे आणि मागे सारख्याच वेगाने चाललेल्या) अभिक्रियेची परिस्थिती बदलली, तर तो बदल अंशतः कमी होईल अशा बाजूला समतोल सरकतो. ‘अंशतः’ या शब्दाखाली आताच रेघ मारून ठेवा. खाली दिलेला क्रम तसाच्या तसा पाळला, तर तत्त्वाचं वाक्य आठवण्याचीही फारशी गरज उरत नाही.

## तयारी: पेन उचलल्यावर आधी काय लिहायचं

दिशेचा विचार सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर उतरवा. मनातल्या मनात नको, कागदावरच.

- संतुलित समीकरण आणि प्रत्येक पदार्थाची अवस्था: वायू, द्रव, घन की पाण्यात विरघळलेला.
- दोन्ही बाजूंना वायूंचे किती मोल आहेत. फक्त वायूंचे मोजायचे.
- समीकरण ज्या दिशेने लिहिलं आहे त्या दिशेने जाताना उष्णता बाहेर पडते की शोषली जाते.
- भांडं कसं आहे: बंद आणि ठरावीक आकारमानाचं, दट्ट्या बसवलेलं (म्हणजे दाब स्थिर), की उघडं.

चौथी गोष्ट जवळजवळ कुणीच लिहीत नाही. अवघड प्रश्नांतले निम्मे गुण मात्र तिथेच अडकलेले असतात.

## टप्पा १: समीकरण नीट वाचा

अमोनियाचं उदाहरण घेऊ:

नायट्रोजन (वायू) + ३ हायड्रोजन (वायू) ⇌ २ अमोनिया (वायू)

डावीकडे वायूंचे ४ मोल, उजवीकडे २. पुढच्या दिशेने जाताना सुमारे ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे पुरोगामी अभिक्रिया उष्मादायी आहे.

आता हेच समीकरण कुणी उलटं लिहून दिलं, अमोनियाचं विघटन म्हणून, तर मोलही उलटतात आणि उष्णतेचं चिन्हही. प्रश्न काढणारे हे मुद्दाम करतात. ‘अमोनियाची अभिक्रिया उष्मादायी असते’ असं पाठ करून ठेवलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. उष्णतेचं चिन्ह पदार्थाला चिकटलेलं नसतं, ते बाणाच्या दिशेला चिकटलेलं असतं.

इशारा: द्रावणातल्या अभिक्रियेत समीकरण आयनांच्या रूपात लिहा. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम थायोसायनेट यांचं समीकरण बऱ्याच वह्यांत पूर्ण रेणूंचं लिहिलेलं असतं आणि उजवीकडे पोटॅशियम क्लोराइड दिसतं. मग विद्यार्थी म्हणतो, पोटॅशियम क्लोराइड टाकलं की समतोल मागे जाणार. प्रत्यक्षात पोटॅशियम आणि क्लोराइड हे आयन या समतोलात भागच घेत नाहीत. खरी अभिक्रिया एवढीच: फेरिक आयन + थायोसायनेट आयन ⇌ लाल रंगाचा संयुक्त आयन. (क्लोराइड फेरिक आयनाला थोडंफार धरतं, त्यामुळे भरपूर मीठ टाकल्यावर रंग किंचित फिका दिसू शकतो. तो वेगळा समतोल आहे.)

## टप्पा २: मुळात समतोल आहे का?

तत्त्व लागू होतं ते समतोलात असलेल्या अभिक्रियेला. नुकत्याच मिसळलेल्या वायूंना किंवा उघड्या भांड्यातून वायू निसटत असलेल्या अभिक्रियेला ते लावू नका.

सोड्याची बाटली बंद असते तोवर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि वरच्या मोकळ्या जागेतला कार्बन डायऑक्साइड यांच्यात समतोल असतो. झाकण उघडलं की वरचा वायू निघून जातो, त्याच्या जागी पाण्यातला येतो, तोही निघून जातो. समतोल ‘सरकत’ राहतो आणि बसत कुठेच नाही, कारण भांडं उघडं आहे. चुनाभट्टीतही हेच घडतं. चुनखडी तापून चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतो, वायू वरून निघून जातो, परतीची अभिक्रिया व्हायला साथीदारच उरत नाही, म्हणून सगळ्या चुनखडीचा चुना होतो.

तपासा: प्रश्नात दोन गोष्टी एकदम बदलल्या असतील, उदाहरणार्थ तापमान वाढवलं आणि दाब कमी केला, तर त्या वेगळ्या करा. एकीचं उत्तर लिहा, मग दुसरीचं. दोन्ही एकाच दिशेला नेत असतील तर प्रश्न मिटला. विरुद्ध दिशांना नेत असतील, तर आकडे दिल्याशिवाय दिशा सांगता येत नाही, आणि तसं लिहिणं हेच बरोबर उत्तर आहे.

## टप्पा ३: ‘के’ हलला की ‘क्यू’?

सगळ्या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे.

समतोल स्थिरांकाला आपण ‘के’ म्हणतो. उत्पादितांच्या संहतींचा (दर लिटरमागे किती मोल, त्या आकड्यांचा) गुणाकार भागिले अभिक्रियाकारकांच्या संहतींचा गुणाकार, प्रत्येक संहतीला समीकरणातला आकडा घातांक म्हणून, आणि सगळ्या संहती समतोलाच्या वेळच्या. अगदी हेच सूत्र कोणत्याही क्षणीच्या संहती घालून सोडवलं की मिळतो अभिक्रिया भागफल, म्हणजे ‘क्यू’.

- क्यू हा के पेक्षा लहान असेल तर अभिक्रिया पुढे जाते.
- क्यू हा के पेक्षा मोठा असेल तर मागे जाते.
- दोन्ही सारखे असतील तर काहीही हलत नाही.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: या बदलाने क्यू बदलला, की के? पदार्थ टाकला, काढला, पाणी ओतलं, आकारमान बदललं, तर बदलतो तो क्यू. के जिथल्या तिथे राहतो. तापमान बदललं तरच के बदलतो. उत्प्रेरक टाकला तर दोन्ही बदलत नाहीत.

‘समतोल पुढे सरकला, म्हणून के वाढला’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत फार वेळा येतं. तापमान तेच असताना समतोल कितीही पुढे सरकला तरी के तोच राहतो. समतोलाची जागा आणि समतोलाचा स्थिरांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक एकदा पक्का झाला की पुढचं सगळं सोपं जातं.

## टप्पा ४: पदार्थ वाढवला किंवा काढला

आकड्यांत पाहू. हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड. सगळे वायू आहेत आणि ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास के साधारण ५० असतो.

समजा समतोलात हायड्रोजन ०.१०, आयोडीन ०.१० आणि हायड्रोजन आयोडाइड ०.७०७ मोल प्रति लिटर आहे. ०.७०७ चा वर्ग ०.५०, भागिले ०.०१, म्हणजे ५०. बरोबर जमलं.

आता भांड्यात आणखी ०.१० हायड्रोजन सोडा. हायड्रोजन झाला ०.२०. क्यू झाला ०.५० भागिले ०.०२, म्हणजे २५. पन्नासपेक्षा लहान, म्हणून अभिक्रिया पुढे जाणार. समीकरण सोडवलं की नवा समतोल असा येतो: हायड्रोजन ०.१७०, आयोडीन ०.०७०, हायड्रोजन आयोडाइड ०.७६८.

हे तीन आकडे नीट पाहा. हायड्रोजन ०.२० वरून ०.१७ वर आला, पण आधीच्या ०.१० वर परतला नाही. ‘अंशतः’ म्हणतात ते हे. ‘समतोल पुढे सरकतो, त्यामुळे हायड्रोजनची संहती पूर्वीइतकी होते’ असं लिहिलं तर ते चूक. जो पदार्थ टाकला तो नव्या समतोलातही पूर्वीपेक्षा जास्तच असतो.

दुसरी गोष्ट: आयोडीनचा अधिक भाग वापरला गेला, पण भांड्यात सोडलेल्या एकूण हायड्रोजनपैकी वापरल्या गेलेल्या हायड्रोजनचं प्रमाण घटलं. म्हणून ‘रूपांतराचं प्रमाण वाढेल का’ असा प्रश्न आला की आधी विचारा, कोणत्या पदार्थाचं? महागडा पदार्थ पूर्ण वापरला जावा म्हणून कारखान्यात स्वस्त पदार्थ जास्त घालतात तो याच हिशेबाने.

इशारा: शुद्ध घन आणि शुद्ध द्रव यांची संहती सूत्रात येत नाही. चुनखडीच्या बंद भांड्यात आणखी चुनखडी टाकली तर क्यू बदलत नाही, समतोल हलत नाही. संपृक्त मिठाच्या पाण्यात आणखी मीठ टाकलं तर ते तळाशी बसतं, तीच गोष्ट. विरल द्रावणात पाणी द्रावक असेल तर तेही सूत्रात येत नाही. पण पाणी ओतल्याने विरघळलेल्या सगळ्यांची संहती कमी होते, आणि त्याने क्यू बदलू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

## टप्पा ५: दाब आणि आकारमान

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबून वाचा.

‘दाब वाढवला’ हे वाक्य अर्धवट आहे. कसा वाढवला? दट्ट्या दाबून आकारमान कमी केलं, की बाहेरचा वायू आत सोडला? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

आकारमान कमी केलं. तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड आणि रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड यांचा समतोल घ्या:

डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड ⇌ २ नायट्रोजन डायऑक्साइड

२५ अंशांना के सुमारे ०.००४६ आहे. समजा समतोलात रंगहीन वायू ०.०४० आणि तपकिरी वायू ०.०१३६ मोल प्रति लिटर आहे. आकारमान झटक्यात निम्मं करा. दोन्ही संहती दुप्पट: ०.०८० आणि ०.०२७१. क्यूमध्ये तपकिरी वायूचा वर्ग आहे, म्हणून वरचा आकडा चौपट झाला आणि खालचा दुप्पट. क्यू के च्या दुप्पट. अभिक्रिया मागे जाते आणि नवा समतोल येतो तेव्हा तपकिरी वायू ०.०१९६ वर स्थिरावतो.

तपकिरी वायूचा प्रवास असा झाला: ०.०१३६, मग ०.०२७१, मग ०.०१९६. म्हणजे बाजूने पाहणाऱ्याला रंग आधी एकदम गडद दिसतो, मग थोडा फिका होतो, पण सुरुवातीपेक्षा गडदच राहतो. ‘दाब वाढवल्यावर समतोल रंगहीन बाजूला सरकतो, म्हणून मिश्रण पूर्वीपेक्षा फिकं दिसतं’ हे उत्तर अनेक वह्यांत आहे आणि ते चुकीचं आहे. तपकिरी रेणूंची एकूण संख्या घटली, पण ते कमी जागेत कोंबले गेले. रंगाचा प्रश्न आला की संख्या आणि संहती वेगवेगळ्या धरा.

इशारा: हा वायू विषारी आहे. फुफ्फुसांवरचा परिणाम काही तासांनी उशिरा दिसू शकतो. शाळेत दाखवायचा असेल तर आधीपासून सील केलेल्या काचेच्या नळ्याच वापराव्यात, घरी तर प्रश्नच नाही.

दोन्ही बाजूंना मोल सारखे असतील तर आकारमान बदलून क्यू हलत नाही. हायड्रोजन आयोडाइडचं उदाहरण तसंच आहे.

घन पदार्थ असलेला समतोल. चुनखडी ⇌ चुना + कार्बन डायऑक्साइड. इथे के म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइडचा दाब, आणि ९०० अंशांच्या आसपास तो साधारण १ वातावरण होतो. बंद भांड्याचं आकारमान निम्मं केलं की क्षणभर दाब दुप्पट होतो, वायू चुन्याशी परत संयोग पावतो आणि दाब बरोबर पूर्वीच्या आकड्यावर येऊन थांबतो. दोन्ही घन पदार्थ भांड्यात शिल्लक असेपर्यंत हे असंच चालतं. इथे बदल अंशतः नव्हे, पूर्ण पुसला जातो. तत्त्वाचं वाक्य पाठ असलेल्याला हे उत्तर सापडत नाही, पण क्यू आणि के मांडणाऱ्याला दोन ओळींत सापडतं.

निष्क्रिय वायू सोडला. बंद, ठरावीक आकारमानाच्या भांड्यात आर्गॉन सोडला तर एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतल्या एकाही वायूची संहती बदलत नाही. क्यू तोच, समतोल तिथेच. पण दट्ट्याच्या भांड्यात, स्थिर दाबाला आर्गॉन सोडला तर दट्ट्या वर सरकतो, आकारमान वाढतं, सगळ्यांच्या संहती घटतात आणि समतोल जास्त मोलच्या बाजूला जातो. अमोनियाच्या बाबतीत मागे. म्हणून तयारीत भांडं लिहायला सांगितलं होतं.

स्थिर दाबाला अभिक्रियेतलाच वायू सोडला. हे स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. दट्ट्याच्या भांड्यात अमोनियाचा समतोल आहे आणि त्यात नायट्रोजन ६ मोल, हायड्रोजन २ मोल, अमोनिया २ मोल, एकूण १०. नायट्रोजन आधीच निम्म्यापेक्षा जास्त आहे. त्यात आणखी ४ मोल नायट्रोजन सोडा. पाठ वाक्य सांगतं, पुढे जाणार. हिशेब करून पाहा. स्थिर दाबाला क्यू हा पुढच्या राशीच्या प्रमाणात असतो: अमोनियाच्या मोलचा वर्ग × एकूण मोलचा वर्ग ÷ (नायट्रोजनचे मोल × हायड्रोजनच्या मोलचा घन).

आधी: ४ × १०० ÷ (६ × ८) = ८.३३
नंतर: ४ × १९६ ÷ (१० × ८) = ९.८

राशी वाढली, म्हणजे क्यू के च्या वर गेला आणि अभिक्रिया मागे जाणार. नायट्रोजन टाकून अमोनिया कमी झाला! नायट्रोजन आल्याने आकारमान वाढलं, ते पसरणं चार मोलच्या बाजूला अनुकूल ठरलं आणि नायट्रोजनच्या वाढीवर मात करून गेलं. मिश्रणात नायट्रोजन निम्म्याहून कमी असता आणि आणखी थोडासाच सोडला असता, तर उत्तर उलटं आलं असतं. बारावीच्या पेपरात हे येणार नाही, तरी मी प्रत्येक वर्गात दाखवते, कारण तत्त्वाचं वाक्य कुठे अपुरं पडतं हे इतक्या स्वच्छपणे दुसरं कुठलंच उदाहरण सांगत नाही.

## टप्पा ६: तापमान

आता के हलतो.

उष्मादायी अभिक्रियेचा के तापमान वाढल्यावर घटतो, उष्माग्राहीचा वाढतो. अमोनियासाठी दाबांत मोजलेला के २५ अंशांना सुमारे ६ लाख असतो आणि ४०० अंशांना तो ०.०००१६ च्या आसपास येतो. इतका प्रचंड फरक दाब किंवा संहती बदलून कधीच पडत नाही, कारण त्यांनी के ला हातच लागत नाही.

उष्णता हा जणू एक पदार्थ आहे असं समजून समीकरणात लिहायची युक्ती चालते: उष्मादायी असेल तर उजवीकडे, उष्माग्राही असेल तर डावीकडे. दिशा बरोबर येते. फक्त ही युक्ती वापरून झाल्यावर ‘के तोच राहतो’ असं लिहू नका. पदार्थाची उपमा तिथे संपते.

नेहमीची चूक: ‘तापमान वाढवल्याने उष्मादायी अभिक्रिया मंदावते.’ तापमान वाढवलं की पुरोगामी आणि प्रतिगामी दोन्ही अभिक्रिया वेगाने होऊ लागतात. उष्माग्राही दिशेचा वेग जास्त पटीने वाढतो, म्हणून समतोल तिकडे सरकतो. वेग आणि समतोल हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना एका वाक्यात कोंबू नका.

## टप्पा ७: उत्प्रेरक

उत्प्रेरक दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो. समतोल लवकर येतो, पण तिथेच येतो. उत्पादन वाढतं असं लिहायचं असेल तर ‘ठरावीक वेळेत’ हे शब्द जोडा.

## टप्पा ८: परीक्षानळीत पडताळा

कागदावरचं उत्तर डोळ्यांनी पाहायला फेरिक-थायोसायनेटचा प्रयोग सर्वांत चांगला. प्रयोगशाळेत, चष्मा आणि हातमोजे घालून, शिक्षक समोर असताना करा.

१. बीकरमध्ये १०० मिलि डिस्टिल्ड वॉटर घ्या. त्यात फेरिक क्लोराइडच्या आणि पोटॅशियम थायोसायनेटच्या ०.१ मोलर द्रावणाचे काही थेंब टाका. फेरिकच्या द्रावणात आधीच एक-दोन थेंब विरल नायट्रिक आम्ल घातलेलं असावं, नाहीतर ते स्वतःच गढूळ होत जातं.

२. रंग नारिंगी-लाल ठेवा, परीक्षानळीमागे धरलेली छापील अक्षरं वाचता येतील इतका. बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो: द्रावण रक्तासारखं गडद करतात, मग त्यात काहीही टाकलं तरी फरक दिसत नाही.

३. एकसारख्या पाच परीक्षानळ्यांत सारखं द्रावण घाला.

४. पहिलीत ५ थेंब पाणी. ही तुलनेची नळी. पाणी मुद्दाम घालायचं, कारण बाकीच्या नळ्यांतही थेंब पडणार आहेत आणि पातळ होण्याचा परिणाम सगळीकडे सारखा हवा.

५. दुसरीत ५ थेंब फेरिक क्लोराइड, तिसरीत ५ थेंब पोटॅशियम थायोसायनेट. दोन्ही गडद होतात.

६. चौथीत ५ थेंब ऑक्झॅलिक आम्ल. ऑक्झॅलेट फेरिक आयनाला धरून ठेवतं, मोकळे फेरिक आयन घटतात, समतोल मागे जातो, लाल रंग उतरतो.

७. पाचवीत पहिलीसारखेच ५ थेंब पाणी घालून ती गरम पाण्याच्या बीकरमध्ये उभी करा. रंग फिका होतो, म्हणजे लाल आयन तयार होण्याची दिशा उष्मादायी आहे.

पांढऱ्या कागदावर नळ्या धरून वरून खाली पाहा. फरक जास्त स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीचं निरीक्षण एकत्र वाचा. फेरिक टाकल्यावर रंग वाढला, याचा अर्थ द्रावणात मोकळं थायोसायनेट शिल्लक होतं. थायोसायनेट टाकल्यावरही वाढला, म्हणजे मोकळं फेरिकही शिल्लक होतं. दोन्ही अभिक्रियाकारकं एकाच वेळी शिल्लक, आणि तरी अभिक्रिया थांबलेली दिसते. समतोल म्हणजे काय याचा इतका थेट पुरावा दुसऱ्या प्रयोगात मिळत नाही. जर्नलमध्ये मात्र हे वाक्य बहुधा गायब असतं आणि फक्त ‘रंग गडद झाला’ एवढंच लिहिलेलं असतं.

तपासा: पाचवी नळी थंड पाण्यात ठेवा. रंग परत आला पाहिजे. परत आला तरच तुम्ही समतोल सरकवला होता. फार वेळ तापवलं असेल तर दुसऱ्याच अभिक्रिया होतात आणि रंग पूर्ण परतत नाही.

इशारा: थायोसायनेटचं द्रावण थेट ज्योतीवर तापवू नका, आणि त्यात तीव्र आम्ल किंवा ब्लीच मिसळू नका. विषारी वायू निघतात. काही जुन्या पुस्तकांत याच प्रयोगात मर्क्युरिक क्लोराइड वापरायला सांगितलेलं असतं. ते जहाल विष आहे, ऑक्झॅलिक आम्लाने काम भागतं.

## टप्पा ९: कारखान्याचा प्रश्न

‘अमोनियासाठी कमी तापमान अनुकूल, मग कारखान्यात ४५० अंश का?’ या प्रश्नात समतोल आणि वेग दोन्ही मागितलेले असतात. उत्तर या क्रमाने लिहा.

समतोलाच्या दृष्टीने: उष्मादायी, म्हणून कमी तापमान बरं. मोल घटतात, म्हणून जास्त दाब बरा. वेगाच्या दृष्टीने: कमी तापमानाला लोखंडाचा उत्प्रेरकही पुरेसा वेग देत नाही. म्हणून तडजोड: साधारण ४०० ते ५०० अंश, १५० ते २५० वातावरण दाब. खर्चाच्या दृष्टीने: दाब याहून वाढवला तर पंप आणि भांडी यांचा खर्च वाढतो.

एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि शेवटचा गुण सोडतात. एका फेरीत साधारण १५ टक्केच रूपांतर होतं. बाहेर पडलेलं मिश्रण थंड करून अमोनिया द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू परत आत सोडतात. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात अमोनिया तयार होतो, तोही याच चक्राने. अमोनिया काढून घेणं म्हणजे चौथ्या टप्प्यातलंच काम, क्यू लहान करणं.

सल्फर ट्रायऑक्साइडच्या प्रश्नात उलट फसगत होते. तिथेही (२ सल्फर डायऑक्साइड + ऑक्सिजन ⇌ २ सल्फर ट्रायऑक्साइड) मोल घटतात, ३ वरून २, म्हणून विद्यार्थी २०० वातावरण दाब लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात ४५० अंशांच्या आसपास, व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या उत्प्रेरकाच्या साथीने, १ ते २ वातावरण दाबालाच रूपांतर ९५ टक्क्यांच्या वर जातं. दाबावर खर्च करून हाती फारसं काही लागत नाही, म्हणून कुणी करत नाही.

## स्वतःला तपासा

उत्तर झाकून ठेवा आणि प्रत्येक प्रश्नाला आधी ‘के की क्यू’ हे लिहा.

हायड्रोजन आयोडाइडच्या समतोलाचं आकारमान निम्मं केलं. जांभळा रंग? क्यू बदलत नाही, समतोल हलत नाही. तरी आयोडीनची संहती दुप्पट झाली, म्हणून रंग गडद.

ठरावीक आकारमानाच्या भांड्यात अमोनियाच्या समतोलात हेलियम सोडला. काहीही नाही.

सिल्व्हर क्लोराइडच्या संपृक्त द्रावणात मीठ टाकलं. क्लोराइड वाढला, क्यू मोठा झाला, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. के तोच.

चुन्याची निवळी गरम केली की गढूळ होते. विरघळताना उष्णता बाहेर पडते की शोषली जाते? तापमान बदललं, म्हणून के बदलला. तो घटला म्हणून चुना बाहेर पडला, म्हणजे विरघळण्याची दिशा उष्मादायी आहे. २० अंशांना १०० मिलि पाण्यात सुमारे ०.१७ ग्रॅम विझवलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) विरघळतो, उकळत्या पाण्यात ०.०७ च्या आसपासच. हे घरी पाहता येतं, फक्त निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका, ती दाहक असते. निवळी गाळून पूर्ण नितळ घ्या आणि बाटलीचं झाकण सैलसर ठेवून ती गरम पाण्यात उभी करा. उघडी ठेवली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळीत शिरून तिला गढूळ करतो, आणि तो गढूळपणा थंड केल्यावर जात नाही. झाकलेल्या बाटलीतला तापवून आलेला गढूळपणा मात्र थंड झाल्यावर, अधूनमधून हलवत राहिलं तर, हळूहळू विरघळून जातो.